हसण्या-गाण्याचा तास, विश्रामबाग, सांगली: कामाच्या नोंदी

आमच्या कॉलनीत साठीपुढची माणसं भरपूर. पोरं पुण्याला, नातवंडं मोबाइलच्या पडद्यावर. त्यांच्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तासभर गाणं आणि हसणं सुरू करायचं ठरलं. मी मिरजेतल्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, म्हणून तब्येतीचं खातं माझ्याकडे आलं आणि हळूहळू बाकीची सगळी खातीही आली. तासगावच्या नणंदेला तिकडं असंच काही करायचंय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी या नोंदी. गाण्यानं काय होतं, हसण्यानं काय होतं, यावर लिहिलेलं ढिगानं मिळतं. खुर्च्या कशा मांडायच्या ते कुणी लिहीत नाही.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

जागा फुकट मिळाली म्हणून एका मंडळाचा वरच्या मजल्यावरचा हॉल घेतला. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. दोन काकू खालच्या पायरीवरूनच "आमचं गुडघं काय ऐकायचं न्हाईत बाई" म्हणून मागं फिरल्या. वर पोचले ते धापा टाकत पोचले, आणि धापा टाकणाऱ्याला लगेच हसायला लावायचं नसतं. हसताना श्वास नुसता बाहेरच जात राहतो, आत घ्यायला उसंत मिळत नाही. दम्याच्या माणसाला त्यानं ठसका लागतो.

देवळामागचं पत्र्याचं शेड ठरवलं. जमिनीलगत, पायरी एकच. भाडं महिना आठशे. शेजारी संडास-मोरी आहे, पण तिला कुलूप. किल्ली पुजाऱ्यांकडे. किल्लीचं पुढं येईलच.

७ जानेवारी, मंगळवार

पत्र्याखाली एक टाळी वाजवली की तीन ऐकू येतात. कानाला मशीन लावलेले दोघं पाच मिनिटांत मशीन काढून खिशात घालून बसले. ब्लूटूथचा स्पीकर घेतला होता, दोन हजार चारशेचा. मागून "ऐकू येईना" अशी ओरड झाली की आवाज वाढवायचा, की पुढचे कान दाबून धरायचे. सगळा तास यातच गेला.

वयानं आधी जातात ते बारीक, टिपेचे स्वर. त्यामुळं स, श, फ ही अक्षरं निसटतात. आवाज वाढवला तर अक्षरं येत नाहीतच, वर तोच आवाज कानाला टोचायला लागतो. म्हणजे काम आवाज वाढवायचं नव्हतं, घुमणं थांबवायचं होतं. प्रत्येकीनं घरातली एक जुनी वाकळ आणली. तारा ओढून तीन भिंतींवर टांगल्या. तारेचे आणि खिळ्यांचे एकशे ऐंशी रुपये. शेड धोबीघाटासारखं दिसायला लागलं, पण आता शेवटच्या खुर्चीतला माणूस माझं साधं बोलणं ऐकतो. स्पीकर तेव्हापासून पडून आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

मोठ्या हौसेनं तक्ता केला होता: तासाआधी बीपी, तासानंतर बीपी. निम्मा तास रांगेत गेला. बीपी नीट मोजायचं तर पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायला हवं, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. इथं एक जण चालत आलेला, एकीच्या तोंडात मिसरी, तिसरा माझ्या कानाशी सुनेचं गाऱ्हाणं सांगतोय. शिवाय खदखदून हसल्यावर लगेच मोजलं तर आकडा वरच दिसतो, कारण त्या क्षणी नाडी आणि बीपी दोन्ही चढतात आणि मग उतरतात. "हसून माझं वाढलं की वो" म्हणून एक मावशी घाबरल्या. तक्ता बंद. महिन्यातून एका सकाळी, निवांत, ज्याला हवं त्याचं मोजायचं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बायका हळदी-कुंकवाला. आम्ही चार पुरुष-माणसं आणि मी, तिळगूळ खाऊन घरी गेलो. तास ठेवताना कालनिर्णय बघावं.

२१ जानेवारी, मंगळवार

विनोद सांगायची पद्धत मोडीत काढली. पहिले दोन तास बरे गेले. नंतर विनोद कमी पडले आणि उरले ते सगळे बायकोवरचे नाही तर सासू-सुनेचे. एका आक्कांनी पर्स उचलली आणि गेल्या. मुंबईत १९९५ च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन बागेत पहिला हास्य क्लब काढला, तेव्हा त्यांचाही विनोदांचा साठा दोनेक आठवड्यांत आटला होता. मग विनोद सोडून हसण्याचाच व्यायाम केला. हे वाचलेलं होतं. तरी आमच्या गुरुजींना वाटलं की मुंबईकरांकडे विनोद कमी असतील.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन संशोधकानं लोक कधी हसतात ते बाजारात, रस्त्यात उभं राहून टिपलं होतं. बहुतेक हसू विनोदावर येतच नाही, "चल भेटू" असल्या साध्या बोलण्यावर येतं. आणि एकटं असताना हसतो त्याच्या तीसपट माणूस चारचौघांत हसतो. आमच्याकडे चारचौघं होती, पण ती एकमेकांना दिसत नव्हती. खुर्च्या सभेसारख्या एकामागं एक मांडलेल्या. समोरच्याच्या टकलाकडं बघून कोण हसणार?

२४ जानेवारी, शुक्रवार

खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडल्या. मधली जागा मोकळी. "हो हो, हा हा हा" टाळ्यांवर. पहिली काही मिनिटं सगळे जण कवायत केल्यासारखे. मग तात्यांची खालची कवळी सुटली, हनुवटीवर आली, आणि त्यांनी ती चटकन झेलून "औट!" म्हणून हात वर केला. त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. एक काकू खुर्चीचा हात धरून पुढं वाकलेल्या, डोळ्यांतनं पाणी, आवाज बंद, नुसते खांदे हलतायत. तात्यांनी कवळी रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि बोळक्या तोंडानं "आता बोला" म्हणाले, तर परत पहिल्यापासून.

सूचना: ढिली कवळी असेल तर काढून डबीत ठेवायची. डब्या मी आणून ठेवल्यात, दहा रुपयाला एक.

कुणी हे करायचं नाही तेही फळ्यावर लिहिलं: हर्निया, ताजं ऑपरेशन (मोतीबिंदूचंसुद्धा), काचबिंदू, आवाक्यात नसलेलं बीपी, फिट येणारे. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरात हसायचं नाही. बसून गावं, टाळी द्यावी.

३१ जानेवारी, शुक्रवार

गेल्या दोन तासांना बायका निम्म्यावर आल्या. कुणी म्हणे पाहुणे, कुणी म्हणे उपास. शेवटी एका आक्कांनी मला भिंतीकडं नेऊन सांगितलं, "हसलं की लुगडं वलं हुतंय बघा. कसं बसू मान्सांत?"

आयुष्य वॉर्डात काढलं आणि ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांत ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. खोकलं, शिंकलं, हसलं की पोटावर दाब येतो आणि थेंब-दोन थेंब जातात. पुरुषांचंही प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर होतं, ते सांगत नाहीत एवढंच.

काय केलं ते लिहिते, कारण हसण्याच्या वर्गांत याबद्दल अक्षर बोललं जात नाही. पुजाऱ्यांकडून मोरीची दुसरी किल्ली करून घेतली, चाळीस रुपये, आणि ती दाराच्या आतच खिळ्याला. मागावी लागणार नाही अशी. तास सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी जाऊन यायचं, सगळ्यांनीच, म्हणजे कुणी उठलं तर उठून दिसत नाही. बायकांना बाजूला घेऊन व्यायाम शिकवला: लघवी अडवून धरल्यासारखं आत खेचायचं, पाच सेकंद धरायचं, सोडायचं; दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवीला बसल्यावर मात्र हा व्यायाम करायचा नाही. फरक पडायला दोन-तीन महिने जातात. जळजळ असेल किंवा एकाएकी वाढलं असेल तर आधी साखर आणि लघवी तपासून घ्यायची. हसू आलं की पाय पायावर टाकून घट्ट धरायचे, तेवढ्यानंही थांबतं.

पुढच्या मंगळवारी बायका परत आल्या. आक्का तर दाराजवळची खुर्ची सोडून मधोमध बसल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गाण्याकडं उशिराच वळलो. इतके दिवस मोबाइलवरची "मन शांत करणारी" बासरी लावत होतो, त्यानं मन शांत होऊन चार जण घोरायला लागले. मग गाण्यांचे छापील कागद काढले. अक्षर बारीक म्हणून परत मोठ्या टायपात काढले. दोन्ही मिळून सहाशे वीस रुपये पाण्यात. ज्यांना गाणं येत होतं त्यांना कागद नको होता, आणि पाच-सहा बायकांना वाचताच येत नाही, त्या कागद उलटा धरून बसल्या.

कागद गोळा केले आणि एकच प्रश्न विचारला: लग्नाआधी रेडिओवर काय ऐकायचात? आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ चं, म्हणजे यांतली बरीच तेव्हा शाळेत नाही तर नुकती मिसरूड फुटलेली. प्रश्न पुरा व्हायच्या आत गाणी सुरू झाली. पंधरा ते पंचवीस या वयात कानावर पडलेलं माणूस सहसा विसरत नाही. स्मृती ढासळलेल्यांतसुद्धा ते शेवटपर्यंत टिकतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्याकडं जात्यावरच्या ओव्या निघाल्या. आता पद्धत भजनासारखी: एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची.

गुरुजींचा प्रश्न वेगळा आहे. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच पहिलं नाटक केलं, म्हणून प्रत्येक तासाला एक नाट्यपद झालंच पाहिजे, तेही ताना-आलापांसकट. तोवर बाकीच्यांचा चहा होतो. तोडगा: नाट्यपद शेवटी. ज्याला घरी जायचं तो जातो, ज्याला ऐकायचं तो थांबतो. गुरुजी खूश आहेत, थांबणारेही वाढलेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बारावीची परीक्षा सुरू. शेजारच्या बंगल्यातून तक्रार आली, रास्त होती. वेळ साडेसहाची साडेचार केली आणि टाळ बंद. टाळ तसेही काढायचेच होते. पत्र्याखाली बारा टाळ म्हणजे मशीनवाल्यांच्या कानात सुया. आता चिपळ्या आणि हाताची टाळी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पेटी आली. भजनी मंडळातली जुनी, भाता फाटलेला. सांगलीत दुरुस्तीला पंधरा दिवस सांगितले, मिरजेत तीन दिवसांत झालं, नऊशे रुपये. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्यांच्या गल्लीत मी पेटीचा भाता घेऊन फिरत होते, लोक सांभाळून घेतात.

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, चुकत होती. पेटीवाल्या काकांच्या हाताला काळी चारची, म्हणजे उंच सुराची सवय. बायका वर जाताना गळ्याच्या शिरा ताणायच्या, पुरुष मध्येच सोडून द्यायचे. पाळी गेल्यावर बाईचा आवाज खाली येतो, म्हातारपणी पुरुषाचा थोडा वर चढतो. तरुणपणीची पट्टी धरून बसलं तर दोघांचंही जमत नाही. खाली पांढरी तीनवर आणलं आणि सगळे बसले. काका कुरकुरले, "गाणं पडतंय." पडू दे.

लयही उतरवली. एकाच नामाची ओळ सावकाश परत-परत म्हटली की श्वास आपोआप लांबतो. इटलीत लुसियानो बर्नार्डींच्या गटानं २००१ मध्ये जपमाळेची प्रार्थना आणि मंत्रजप, दोन्ही मोजून पाहिले. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर येत होता. आमच्या वारकरी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग इटलीला कशाला जायचं, पंढरीला जावा की."

४ मार्च, मंगळवार

आजची नोंद नीट वाचा. हेच अण्णा चार-पाच दिवस डोकं धरून होते. सहज विचारलं तेव्हा कळलं की बीपीची गोळी बंद केलीय. का? "आता हसतोय की, गातोय की. तुम्हीच म्हंटलासा तब्येतीला चांगलं." मोजलं तर १८० च्या वर. त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाला बोलवून डॉक्टरकडं पाठवलं. गोळी परत सुरू.

मी तसं म्हटलं नव्हतं, पण त्यांनी तसं ऐकलं, आणि ऐकणाऱ्याची चूक म्हणून सोडून देता येत नाही. गाण्यानं, संथ श्वासानं बीपी थोडं उतरतं. ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. साखरेचंही तेच. आता प्रत्येक तासाची सुरुवात "गोळ्या घेतल्या का?" या आरोळीनं होते आणि सगळ्यांनी "घेतल्या!" असं ओरडायचं. फळ्यावर लिहिलेलं कुणी वाचत नाही, आरोळी सगळ्यांना पाठ आहे.

१८ मार्च, मंगळवार

कोपऱ्यावरचे दादा. पूर्वी गॅरेज होतं. गेल्या उन्हाळ्यात लकवा मारला, उजवी बाजू आणि वाचा गेली. समजतं सगळं, शब्द निघत नाही. वहिनी त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणून मागं बसवायच्या. आज अभंगाच्या ध्रुवपदाला आधी त्यांचे ओठ हलले, मग घोगरा सूर आला, आणि तिसऱ्या वेळेला शब्दांसकट पूर्ण ओळ. सगळे थांबले. वहिनी मात्र कडाडल्या, "इतकं म्हयनं मला एक शब्द बोलंना ह्यो मानूस, आन् हितं गातोय!" मग त्यांनाच हसू आलं.

बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डावीकडं असतं. पाठ असलेलं गाणं मात्र डावी बाजू दुखावली तरी निघू शकतं. यावरूनच १९७३ मध्ये बोस्टनमध्ये एक पद्धत बसवली गेली: रोजचं छोटं वाक्य दोन सुरांवर गायचं आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हातानं ठोका द्यायचा. आम्ही उत्साहात मोठं वाक्य घेतलं, दादा वैतागले आणि हात झटकला. मिरजेतल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं की गाता येतं म्हणजे बोलणं आलं असं नाही. दोन-तीन अक्षरांपासून, रोज, महिनोन्‌महिने लागतात. आता "पाणी दे" एवढंच.

मधेच दादांना रडू फुटतं, कधी हसू सुरू झालं की थांबत नाही. लकव्यानंतर काहींचं असं होतं, त्यात दुःख किंवा आनंद असेलच असं नाही. हे बाकीच्यांना सांगून टाकलं. नाहीतर सगळे गाणं सोडून त्यांच्याभोवती गोळा होत होते.

घरासाठी त्यांना पेनड्राइव्ह भरून दिला. फिनलंडमध्ये २००८ च्या अभ्यासात, लकव्यानंतर पहिले दोन महिने रोज तासभर आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि लक्ष पुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं होतं. दादांचे पहिले महिने गेले, तरी ऐकायला काय हरकत आहे. स्वस्त रेडिओंना मोठा पेनड्राइव्ह चालत नाही. आठ जीबीचा घ्या, कॉम्प्युटरवर एफएटी३२ या प्रकारात फॉरमॅट करा, गाण्यांच्या नावापुढं ०१, ०२ घाला, नाहीतर भूपाळी रात्री लागते.

१५ एप्रिल, मंगळवार

पत्रा तापतोय, साडेचारला बसवत नाही. परीक्षा संपल्यात, परत साडेसहा. प्यायचं पाणी वाढवलं, म्हणून मध्ये एक सुट्टीही वाढवली.

दादा "च्या दे" म्हणतात. पाणी हवं असलं तरी "च्या दे"च म्हणतात. वहिनी दोन्ही पुढं ठेवतात.

४ मे, रविवार

जागतिक हास्य दिन, मेचा पहिला रविवार. काही कार्यकर्त्यांनी हा दिवस आपल्यालाच साजरा करायचाय म्हणून मंडप घातला, खुर्च्या परत रांगेत मांडल्या, स्पीकर बाहेरून आणला. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, हास्याचं जीवनातील महत्त्व या विषयावर पाऊण तास. दोन तासांत कुणी हसलं नाही. फक्त आभारप्रदर्शनात तात्यांनी खिशातून रुमाल काढला तेव्हा मागच्या बायकांत खसखस पिकली. आमच्या खात्यातून मंडपाला पंधराशे गेले, ते द्यायला मी हो म्हणायला नको होतं.

३० मे, शुक्रवार

मेमध्येच पाऊस लागलाय. पत्र्यावर सर पडली की गाणं ऐकू येत नाही, तेव्हा नुसता हसण्याचा भाग घ्यायचा. पाऊस त्यात खपून जातो.

आतापर्यंतचा मोठा खर्च: शेडचं भाडं पाच महिन्यांचं चार हजार, स्पीकर दोन हजार चारशे (घेऊ नका), मंडप पंधराशे (अजिबात नको), पेटी नऊशे, कागद सहाशे वीस. प्रत्येकी महिना पन्नास घेतो, कमी पडलं ते गुरुजींनी आणि मी घातलं. परत सुरू करायचं झालं तर किल्ली, वाकळा, डब्या आणि पेटी, एवढ्यावर भागेल.

राहिलेली कामं: दमट हवेनं पेटीचे दोन सूर चिकटतायत, मिरजेला न्यायचीय. शेडच्या पश्चिमेला गळतं तिथली वाकळ काढली, तिथं पत्र्याला डांबरपट्टी मारून घ्यायची. कंपवाताचे एक आजोबा नवीन येतायत. ठेक्यावर पावलं टाकली तर त्यांचं अडखळणं कमी होतं, पण ठेका आधी त्यांच्याच चालीच्या वेगाचा हवा. तबल्याच्या क्लासमधला मुलगा मंगळवारी येतो म्हणालाय.